आधी तांडेल पाहावा, मग नौका

नारळी पौर्णिमेचा नारळ सागराला अर्पण झाला, गणराय आपल्या गावी गेले आणि दिवाळीच्या पणत्या निमाल्या, की गोमंतकात पाहुण्यांचा हंगाम सुरू होतो. त्यात परक्यांइतकेच आपलेही असतात. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेली आपली मंडळी कुलदेवतेच्या दर्शनाचे निमित्त करून सहकुटुंब येतात. मंगेशी-शांतादुर्गेच्या चरणी अभिषेक होतो, ओट्या भरल्या जातात आणि दुसरा दिवस आपसूकच समुद्रासाठी राखला जातो. पूर्वी हा दिवस मिरामारच्या वाळूत बसून अस्तमान पाहण्यात सार्थकी लागत असे. अलीकडे वीस-पंचवीस जणांच्या गोतावळ्याने आपल्यापुरती स्वतंत्र नौका काही तासांसाठी भाड्याने घ्यावी आणि मांडवीच्या मुखापर्यंत किंवा त्याही पलीकडे फेरफटका मारून यावे, अशी पद्धत रूढ झाली आहे. या नौकेला आता लहानथोर सारेच 'यॉट' म्हणतात. एके काळी धनिकांपुरता असलेला हा विलास मध्यमवर्गीय कुटुंबाला वर्गणी काढून परवडू लागला, याचे आम्हांस वैषम्य वाटत नाही. उलट, ज्या सागराने आपल्या पूर्वजांना अन्न दिले आणि वाटही दिली, त्याच्या अंगावर नातवंडांनी एकदा तरी जाऊन यावे, असेच आम्ही म्हणू.

परंतु नौका निवडणे म्हणजे हॉटेलातील खोली निवडणे नव्हे, याची जाणीव या उत्साहात हरवत चालली आहे. भ्रमणध्वनीवर चार सुबक छायाचित्रे येतात, पांढऱ्याशुभ्र गाद्या दिसतात, दर ठरतो आणि आगाऊ रक्कम पाठवली जाते. नौकेचे नाव काय, ती चालवणार कोण, तिच्यावर किती माणसांना परवानगी आहे, ती कुठवर जाऊ शकते, हे प्रश्न कोणी विचारीत नाही. खोली मनासारखी नसली तर एक रात्र वाईट जाते. नौका चुकीची निघाली तर काय होते, हे सांगण्यासाठी फार मागे जावयास नको. २५ डिसेंबर २०२४ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी, कळंगुटच्या समुद्रात पर्यटकांची एक नौका उलटली. किनारा जेमतेम साठ मीटरवर होता. एकाचा अंत झाला, वीस जणांना वाचवण्यात आले. त्या नौकेत खेडहून आलेले एक मोठे कुटुंब होते. ही माणसे कोणी साहसवीर नव्हती. आपल्यासारखीच, सुटीचा एक दिवस आनंदात घालवावा म्हणून आलेली होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सार्वजनिक प्रवासी बोटीत जी गर्दी होते, ती बहुधा मालकाच्या लोभामुळे होते आणि प्रवासी तिचा बळी ठरतो. स्वतंत्रपणे घेतलेल्या नौकेत मात्र गर्दी होते ती आपल्याच आग्रहाने. 'आमची दोन पोरे आहेत, ती काय जागा अडवणार?', 'इंदूरहून आत्या मुद्दाम आल्या आहेत, त्यांना धक्क्यावर कसे सोडावे?', 'एवढे पैसे मोजले आहेत, थोडे बाहेर घ्या की!' ही वाक्ये मालकाच्या तोंडची नाहीत, आपल्या तोंडची आहेत. म्हणजेच नौका एकट्याने घेतली, की तिच्यावरील निर्णयाचा अर्धा भार आपल्या खांद्यावर येतो. कुटुंबाचा जो कर्ता पुढाकार घेऊन पैसे मोजतो, तो त्या काही तासांपुरता ग्राहकही असतो आणि पालकही असतो. या दुहेरी नात्याचे भान ठेवून निवड कशी करावी, याचाच येथे विचार करावयाचा आहे.

पहिली निवड नौकेची नव्हे, काळाची आहे. आपल्या वाडवडिलांनी नारळी पौर्णिमेपूर्वी समुद्रावर जाणे निषिद्ध मानले, ते अंधश्रद्धेपोटी नव्हे. मुंबई-पणजी आगबोट चालू होती त्या काळी पावसाळा आला की ती बंद होई आणि चाकरमान्यांचे येणे-जाणे त्या वेळापत्रकावर बेतलेले असे. आजही १ जून ते ३१ जुलै या काळात गोव्यात यांत्रिक मासेमारी बंद असते आणि पावसाळ्यात समुद्रावरील जलक्रीडाही थांबवल्या जातात. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचा बांध साचतो व आग्वादचा मार्ग इतका अवघड होतो, की खनिज वाहणाऱ्या बार्जीसुद्धा त्या वाटेने न जाता कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरून मुरगाव बंदर गाठत आल्या आहेत. पोटापाण्यासाठी रोज पाण्यावर असलेली माणसे जेथे वाट वाकडी करतात, तेथे हौशी माणसाने सरळ जाण्याचा हट्ट का धरावा? १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट ऐन आषाढात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणच्या किनाऱ्याने ती आठवण अद्याप पुसलेली नाही. ६ जून २००० रोजी कांदोळी-सिकेरीच्या वाळूत रुतलेले 'रिव्हर प्रिन्सेस' हे अजस्र जहाज दहा वर्षांहून अधिक काळ तेथेच गंजत उभे होते. पहिल्या पावसाचा समुद्र काय करू शकतो, याचे ते सर्वांना दिसणारे स्मारक होते.

खुल्या हंगामातही समुद्र वचनबद्ध नसतो. डिसेंबर २०१७ च्या आरंभी 'ओखी' वादळ दूरवरून गेले, तरी उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावरील झोपड्यांत पाणी शिरले. मे २०२१ मधील 'तौक्ते' वादळाची झळ तर साऱ्या गोव्याला बसली. अरबी समुद्रातील वादळे प्रामुख्याने मान्सूनच्या आधी आणि नंतर, म्हणजे मे-जून व ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास उद्भवतात. म्हणून दिवाळीच्या सुटीत नौका घेणाऱ्याने आदल्या दिवशी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा पाहावा. मच्छीमारांना जाऊ नका असे सांगितले असेल, तर पाहुण्यांनी जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दिवसाच्या वेळेचीही निवड आहे. पहाटे जमिनीवरून मंद मतलई वारे वाहतात आणि समुद्र शांत असतो. उन्हे चढली, जमीन तापली, की दुपारनंतर खारे वारे सुटतात आणि नदीच्या मुखाबाहेर पाणी हिंदकळू लागते. ज्यांच्यासोबत वृद्ध माणसे व मुले आहेत, त्यांनी मुखाबाहेर जावयाचे तर सकाळी जावे. सूर्यास्त पाहावयाचा असेल तर तो नदीच्या आतूनच पाहावा. आग्वादचा किल्ला, रेईश मागूश, पलीकडचा काबो यांच्या छायेत मांडवीचे पात्र सायंकाळी जेवढे सुंदर दिसते, तेवढे ते बाहेरून दिसत नाही.

काळ ठरल्यावर नौकेचा प्रकार. आज भाड्याने मिळणाऱ्या नौकांचे ढोबळ मानाने चार प्रकार आहेत. एका सांगाड्याची शिडाची नौका वाऱ्याने एका बाजूस कलते. ते कलणे तिच्या बांधणीतच गृहीत धरलेले असते. तिच्या तळाशी असलेले वजन तिला पुन्हा सरळ करते, पण घाबरट मंडळींना त्यात सुख लाभत नाही. दुसरा प्रकार दोन सांगाड्यांचा, म्हणजे कॅटामरान. तमिळमधील 'बांधलेले लाकूड' या अर्थाच्या शब्दावरून हे नाव जगभर गेले, परंतु आम्हां गोमंतकीयांना ही कल्पना नवी नाही. कुंभारजुव्याच्या सांगोडोत्सवात दोन होड्या एकमेकींना बांधून त्यावर गणपती आणि देखावे मिरवले जातात. दोन होड्यांची सांगड घातली की तिला रुंदी येते आणि रुंदीमुळे स्थैर्य येते, हेच त्यामागील तत्त्व. मोठ्या कुटुंबाला, विशेषतः ज्येष्ठांना, ही नौका सर्वांत सोईची. मात्र ती एकदा उलटली तर आपणहून सरळ होत नाही, म्हणून तिच्यावरही मर्यादेपलीकडे भार घालणे तितकेच घातक. तिसरी यंत्रावर चालणारी मोठी नौका. ती वाऱ्यावर अवलंबून नसते, पण नांगर टाकून उभी राहिली की लाटांवर डोलते आणि नवख्यांना बोट लागते. चौथी वेगवान छोटी नौका. ती लाटांवर आपटत जाते. गर्भवती स्त्रिया आणि पाठीचे दुखणे असलेल्यांनी तिच्या वाटेस जाऊ नये, हे बरे.

येथे एक हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. शिडाची किंवा कॅटामरान जातीची नौका ताशी सहा-सात नॉटने, म्हणजे सुमारे ११ ते १३ किलोमीटरने जाते. दोन तासांच्या भाड्यात कुठेही न थांबता, जाऊन-येऊन, तिचा पल्ला एका दिशेने ११ ते १३ किलोमीटरच भरतो. तेव्हा दोन तासांत डॉल्फिन, ग्रँड बेट, पोहणे आणि भोजन असे सारे मिळेल, असे कोणी सांगत असेल, तर तो एक तर गणित जाणत नाही किंवा आपण ते जाणत नाही असे समजतो. वेळ थोडा असेल तर पल्ला थोडा ठेवावा. घाईचा भार शेवटी यंत्रावर आणि माणसांवर पडतो.

नौकेनंतर तिची कागदपत्रे. गोव्यात प्रवासी नौकांची नोंदणी व तपासणी हे बंदर कप्तान खात्याचे काम आहे. १९१७ चा जुना कायदा जाऊन त्याच्या जागी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आणि नौका कोणत्या पाण्यात चालू शकते, याचे विभाग लाटांच्या उंचीनुसार पाडले गेले. नदीत चालवण्याचा परवाना असलेली नौका समुद्रात न्यायची नसते. म्हणून नौकेचे नाव व क्रमांक, प्रवाशांची व खलाशांची मंजूर संख्या, तिचे मंजूर क्षेत्र, परवान्याची मुदत आणि प्रवाशांचा विमा या पाच गोष्टी आगाऊ रक्कम देण्यापूर्वी कागदावर पाहाव्यात. धक्क्यावर पोहोचल्यावर नौकेवरील नाव व क्रमांक तोच आहे ना, हेही पाहावे. चित्रातील नौका एक आणि धक्क्यावरची दुसरी, असे घडले तर परत फिरण्यात कसलाही कमीपणा नाही. दाखवण्यास टाळाटाळ होणारा कागद बहुधा नसतोच. ७ मे २०२३ रोजी केरळमधील तानूर येथे उलटलेली नौका मुळात मासेमारीची होती व तिला पर्यटक नौकेचे रूप दिलेले होते. माणसे क्षमतेहून अधिक होती आणि फेरी सूर्यास्तानंतरची होती. २२ जणांचे प्राण गेले. नव्या रंगाखाली कोणती नौका आहे, हे पाहुण्याच्या डोळ्यांना कळत नाही. ते कागदालाच विचारावे लागते.

आणि तरीही सर्वांत मोठी निवड उरतेच. ती तांडेलाची. नौका लाकडाची असो वा फायबरची, समुद्रात तिचे डोळे, कान आणि विवेक म्हणजे तांडेल. मालक धक्क्यावर राहतो, दलाल तर भ्रमणध्वनीपलीकडे कधी दिसतच नाही. पाण्यावर आपल्यासोबत असतो तो तांडेल आणि त्याचे खलाशी. म्हणून निघण्यापूर्वी त्याची भेट घ्यावी, त्याचा परवाना नम्रपणे पाहावा आणि एकच प्रश्न विचारावा : 'कोणत्या परिस्थितीत तुम्ही नौका सोडणार नाही?' जो वाऱ्याबद्दल, ओहोटीबद्दल, मुखाशी फुटणाऱ्या लाटांबद्दल काही सांगेल, त्याच्या हाती कुटुंब सोपवण्यास हरकत नाही. 'काही होत नाही, साहेब' असे जो हसून सांगेल, त्याच्यापासून दूर राहावे. ज्याला 'नाही' म्हणता येते तोच तांडेल. बाकीचे नुसते सुकाणू धरणारे.

परंतु तांडेलाने 'नाही' म्हणावे अशी अपेक्षा ठेवणाऱ्याने त्याचे 'नाही' स्वीकारण्याचीही तयारी ठेवली पाहिजे. हातावर पोट असलेला हा माणूस. हंगामाच्या चार महिन्यांत वर्षाची कमाई करावयाची, त्यात गिऱ्हाईक नाराज होऊन गेले तर मालकाचे बोल ऐकावयाचे. अशा माणसाच्या हातात वरकड नोट कोंबून 'थोडे आणखी पुढे' म्हणणे म्हणजे त्याचा विवेक विकत घेणे होय. दुर्दैव असे, की त्या सौद्याची किंमत मागच्या बाकावर बसलेल्या आजीने आणि नातवाने द्यावी लागते.

माणसे मोजण्याचा प्रश्न याहून वेगळा नाही. लहान मूल म्हणजे अर्धे माणूस नव्हे. परवान्यावर वीस लिहिले असेल तर कडेवरच्या बाळासह वीसच. एकवीस झाले तर दुसरी नौका घ्यावी किंवा दोन फेऱ्या कराव्यात. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात सहलीला नेलेल्या शाळकरी मुलांची नौका उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. तेथे वादळ नव्हते, लाटा नव्हत्या, समुद्रही नव्हता. क्षमतेपेक्षा पुष्कळ अधिक माणसे होती आणि बहुतेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. याउलट कळंगुटला दोघांखेरीज सर्वांनी जाकिटे घातली होती, असे तेव्हाचे वृत्त होते. या दोन घटना शेजारी ठेवल्या की जाकिटाविषयी आणखी काही सांगावे लागू नये. जाकीट बाकाखाली नव्हे, अंगावर असावे. मुलांसाठी मुलांच्या मापाचे असावे, कारण मोठ्यांच्या जाकिटातून मूल पाण्यात निसटते. आणि छायाचित्रासाठी ते काढून ठेवू नये. संकट नेहमी आपल्याच नौकेतून येते असेही नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या बोटीवर नौदलाची एक वेगवान नौका नियंत्रण सुटून आदळली आणि १५ जण मरण पावले. तेथे प्रवाशांना सावरण्यास वेळच मिळाला नाही.

बसण्याच्या जागेलाही महत्त्व आहे. वजन जितके उंच, तितका नौकेचा तोल नाजूक. म्हणून वरच्या मजल्यावर साऱ्यांनी गोळा होऊ नये, आणि एका कडेला तर मुळीच धावू नये. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळमधील थेक्कडी जलाशयात दुमजली नौका उलटून ४५ जण बुडाले. काठावरील वन्य प्राणी पाहण्यासाठी प्रवासी एका बाजूस सरकले, असे तेव्हा सांगण्यात आले. आग्वादच्या मुखाशी डॉल्फिनची पाठ दिसली की आपल्याकडेही हेच घडते. तांडेलाने आधीच सांगून ठेवावे आणि कर्त्याने ते पाळून घ्यावे : नौका वळेल, माणसे वळणार नाहीत. डॉल्फिनचा पाठलाग करण्यास भाग पाडू नये. तो आपल्या घरी आहे, पाहुणे आपण आहोत.

व्यवहाराच्या बाजूविषयी थोडक्यात सांगता येईल. भाड्यात इंधन, खलाशी, कर, धक्क्याचे शुल्क आणि भोजन यांपैकी काय धरले आहे, हे लेखी घ्यावे. हवामानामुळे सहल रद्द झाली तर पैसे परत मिळणार की दुसरा दिवस मिळणार, हे आधीच ठरवावे. ही अट सर्वांत महत्त्वाची समजावी, कारण पैसे बुडतील या भीतीनेच माणसे खवळलेल्या समुद्रावर जातात. ज्येष्ठांसाठी धक्क्याच्या पायऱ्या, ओहोटीच्या वेळी धक्का व नौका यांतील अंतर, शौचालय व सावली यांची चौकशी करावी. तेलकट न्याहारी टाळावी, बोट लागणाऱ्यांनी नौकेच्या मध्यभागी बसून क्षितिजाकडे पाहावे. मद्यपान करून पाण्यात उतरू नये, उतरू देऊ नये. निघण्यापूर्वी सर्वांच्या नावांची यादी आणि परतण्याची वेळ किनाऱ्यावरील एखाद्या जबाबदार माणसाकडे द्यावी. नौकेवर बिनतारी संदेशयंत्र आहे की नाही, हे पाहावे आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा मदतीचा क्रमांक प्रत्येकाने नोंदवून ठेवावा.

नागरिकांना एवढा उपदेश केल्यावर शासनास मोकळे सोडणे न्यायाचे होणार नाही. अपघात घडला की चौकशी होते. थेक्कडीनंतर आयोग नेमला गेला, तानूरनंतरही नेमला गेला. परंतु आयोगाचा अहवाल पाण्यात पडलेल्याला हात देत नाही. गोव्यात नौका जेथून सुटतात त्या प्रत्येक धक्क्यावर त्या त्या नौकेचे नाव, मंजूर प्रवासीसंख्या, मंजूर क्षेत्र आणि परवान्याची मुदत मराठी, कोकणी व इंग्रजीत ठळक अक्षरांत लावण्यास कितीसा खर्च येणार आहे? नौका सुटताना माणसे मोजणारा एक जबाबदार कर्मचारी तेथे उभा असावा, ही मागणी अवास्तव आहे काय? पर्यटनावर ज्या राज्याची उपजीविका चालते, त्याला पाहुण्यांच्या सुरक्षिततेवर केलेला खर्च हा खर्च वाटता कामा नये. प्रामाणिकपणे परवाना काढून, मर्यादा पाळून व्यवसाय करणारे नौकामालक येथे आहेत. बेपर्वा स्पर्धकांमुळे त्यांचेच अधिक नुकसान होते. त्यांच्या संघटित पुढाकाराचीही आम्ही अपेक्षा करतो.

तथापि, धक्क्यावर फलक लागेपर्यंत आणि कर्मचारी नेमला जाईपर्यंत सहली थांबणार नाहीत. येत्या हंगामात पुन्हा पाहुणे येतील, पुन्हा वर्गणी निघेल, पुन्हा कोणी तरी काका पुढाकार घेऊन नौका ठरवतील. त्या काकांना आमचे सांगणे एवढेच आहे, की गाद्यांचा रंग आणि वाजणारे संगीत मुलांनी निवडावे, परंतु ऋतू, कागद, माणसांची संख्या आणि तांडेल ही निवड आपण करावी. आणि धक्क्यावर उभे राहून यांपैकी एकही गोष्ट मनास पटली नाही, तर साऱ्या गोतावळ्याचा रुसवा पत्करून 'आज नको' असे म्हणण्याचे धैर्य दाखवावे. सहल हुकल्याचा रुसवा दोन दिवसांत जातो. समुद्र कोठे जात नाही, तो उद्याही तेथेच आहे. उद्या त्याच्याकडे जाण्यासाठी आपली माणसे मात्र सर्वच्या सर्व असली पाहिजेत.